सहा तास, एक बिल्ड आणि पहाटेची पावती

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मला आता नऊ वर्षं होत आली. या कामात नव्यानं आलेली मुलं-मुली भेटली की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ताई, वेळच मिळत नाही, मग नीट तपासायचं कसं? हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो, कारण मला मार्चअखेरचा एक दिवस आठवतो. आधी तोच सांगते. मला जे काही सांगायचं आहे ते त्या दिवसातूनच आलेलं आहे.

मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत होते, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी होतं आणि माझ्या वाट्याला पिग्मी एजंटचं मोबाईल ॲप आलं होतं. पिग्मी म्हणजे रोजची ठेव. एजंट दुकानोदुकानी फिरतो, कुणाकडून २० रुपये घेतो, कुणाकडून १००, आणि जागेवर पावती देतो. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं १९२८ मध्ये ही योजना सुरू केली. तेव्हापासून ती चालत आली आहे ती पावतीवरच्या विश्वासावर. हे मला काही नवीन नव्हतं. आमच्या घरासमोरच्या किराणा दुकानात रोज संध्याकाळी येणारे पिग्मीवाले काका मी लहानपणापासून बघत आले होते.

ॲपची नवी आवृत्ती १ एप्रिलपासून, म्हणजे नव्या आर्थिक वर्षापासून हवी होती. बिल्ड, म्हणजे तपासण्यासाठी तयार झालेलं ॲप, हातात यायचं होतं दोन दिवस आधी, आलं ते शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता. रिलीज संध्याकाळी सातला. सहा तास. टेस्ट केस म्हणजे काय करून बघायचं आणि काय व्हायला हवं याची एक नोंद. माझ्या शीटमध्ये अशा २१२ ओळी होत्या. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मोबाईल जोडणं, प्रिंटर जोडणं, लॉगिन तयार करणं यात ४० मिनिटं गेली. मग पावती छापायच्या टेस्ट केसला आले आणि खातेदाराचं नाव टाकलं ‘कुऱ्हाडे’. एजंटच्या कमरेला असतो तो ब्लूटूथचा छोटा प्रिंटर. त्यातून पावती बाहेर आली आणि नावातला ‘ऱ्ह’ फुटलेला. पुन्हा टाकलं, तर या वेळी नीट छापला गेला. माझे डोळे चमकले. खोदत गेले तसं लक्षात आलं, की हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो: एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि पुढे ह, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, आत मात्र वेगळे असतात. एका कीबोर्डवरून टाइप केलेलं नाव छापलं जायचं, दुसऱ्यावरून टाइप केलेलं फुटायचं. इतकंच काय, एका रीतीनं लिहिलेलं नाव दुसऱ्या रीतीनं शोधलं तर खातं सापडायचंच नाही!

मी हरखून गेले. टीममध्ये मराठीतून नीट लिहिणारी मीच एकटी, हा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, माझ्याशिवाय कुणाला सापडलाच नसता. मग ‘वऱ्हाडे’ टाकलं, ‘गोऱ्हे’ टाकलं, ‘दऱ्या’ टाकलं. तीन मोबाईल, चार कीबोर्ड, दोन प्रिंटर. प्रत्येक पावतीचा फोटो. तक्ता करून प्रत्येक जोडाक्षरापुढे बरोबर-चूक अशा खुणा. मान वर केली तेव्हा पावणेसहा वाजले होते. चार तास गेले होते.

उरलेल्या वेळात शीटमधल्या जमतील तेवढ्या ओळी पटापट हिरव्या केल्या. ज्या जमल्या नाहीत त्यातल्या बऱ्याच ‘मागच्या वेळी चालत होतं’ म्हणून सोडल्या. सातला मॅनेजर आले आणि म्हणाले, “टेस्टिंग झालं का?”

मी म्हटलं, “झालं.”

बिल्डची वाट बघत बसले होते त्या आदल्या दिवशी मी वहीत दहा प्रश्न लिहून ठेवले होते. त्यातला सहावा होता: ‘पावतीची तारीख आता सर्व्हरवरून येते. पहाटे काय होईल?’ बदलांच्या यादीत डेव्हलपरनं एक ओळ लिहिली होती, त्यावरून तो सुचला होता. आधी ॲप मोबाईलच्या घड्याळावरून तारीख घ्यायचं. मोबाईलचं घड्याळ कुणीही बदलू शकतं, म्हणून ती सर्व्हरवरून घ्यायचं ठरलं, आणि ते योग्यच होतं. फक्त सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरवर अजून कालचीच तारीख असते. दिवसभरात दोन्ही तारखा सारख्याच. त्यामुळे दुपारी एक ते सात या वेळात मी साध्या पावत्या कितीही काढल्या असत्या तरी हा दोष दिसला नसता. त्यासाठी घड्याळच पुढेमागे करायला हवं होतं. फार तर २० मिनिटांचं काम.

१ एप्रिलला पहाटे साडेचारला एका जिल्ह्याच्या गावच्या मार्केट यार्डात कलेक्शन सुरू झालं. भाजीचे लिलाव पहाटे असतात, पैसा तेव्हाच हातात असतो, त्यामुळे तिथले एजंट त्याच वेळी फिरतात. सगळ्या पावत्यांवर तारीख आली ३१ मार्च. त्या दिवसाची रोजकीर्द रात्रीच बंद झाली होती, वर्षही बंद झालं होतं, त्यामुळे नोंदी कुठेच बसेनात. ३१ तारखेची आदल्या दिवशीची खरी पावती लोकांकडे होतीच. आता त्यांच्या हातात एकाच तारखेच्या दोन पावत्या, आणि १ तारखेची एकही नाही.

सपोर्टवाल्यांनी मला शेजारी बसवून फोन ऐकवला. एजंट म्हणत होते, “ताई, सतरा वर्षं या मंडईत फिरतोय. आज पहिल्यांदा माझ्या पावतीकडे कुणीतरी दोनदा बघितलं.” ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. शाखेतल्या क्लार्कना मात्र दोन दिवस पावत्या जुळवत बसावं लागलं. आणि ‘कुऱ्हाडे’ची तक्रार? त्या महिन्यात कुणीच केली नाही.

आता माझं सांगणं नीट ऐका. कमी वेळात टेस्टिंग बिघडतं ते हळू काम केल्यामुळे, असं सगळ्यांना वाटतं. मी त्या दिवशी अजिबात हळू नव्हते, उलट आयुष्यात क्वचितच इतकं मन लावून काम केलं असेल. मी अडकले ते सापडलेल्या बगच्या मागे धावण्यात. नवखे टेस्टर याच सापळ्यात सगळ्यात जास्त अडकतात आणि त्याबद्दल त्यांना कुणी बजावत नाही, म्हणून मी जरा लांबण लावणार आहे.

सापडलेला बग हातात असतो. त्याचा फोटो काढता येतो, कुणाला दाखवता येतो. न सापडलेला बग म्हणजे नुसती शंका, आणि शंकेवर तासभर घालवून काही निघालं नाही तर ‘तासभर काय केलंस’ याचं उत्तर देता येत नाही. डेडलाईनच्या दिवशी तर माणूस काहीतरी दाखवण्यासारखं शोधतच असतो. त्यात प्रत्येक पाच मिनिटांनी बगचा नवा पैलू कळतो: या कीबोर्डवर होतं, त्यावर नाही. मग ‘अजून पाचच मिनिटं’. माझे चार तास असेच गेले. मी एकदाही ‘आता चार तास याला देऊ’ असं ठरवलं नव्हतं. पाच-पाच मिनिटांनीच ते गेले.

आणखी एक कारण आहे, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. मला भीती होती की बग अर्धवट लिहिला तर डेव्हलपर ‘माझ्याकडे होत नाही’ म्हणून परत पाठवेल. असा अनुभव प्रत्येक नवख्याला आलेला असतो. मग आपण वकिलासारखा खटला तयार करत बसतो. पण अर्ध्या डेव्हलपरांना एवढंच हवं असतं: कोणतं बिल्ड, कोणता मोबाईल, कोणता डेटा, काय केलं, काय झालं, आणि त्या वेळचा लॉग, म्हणजे ॲप आपोआप करत जातं ती नोंद. फुटलेल्या पावतीचा एक फोटो आणि दोन कीबोर्डची नावं दिली असती तर आमच्या डेव्हलपरनं कारण माझ्या आधी शोधलं असतं. जागेवरून उठून त्याच्या टेबलाशी गेले असते तर दहा मिनिटांत विषय संपला असता. मी उठले नाही, कारण तो बग मला माझा वाटत होता.

२००० साली जेम्स बाख आणि जोनाथन बाख या भावांनी टेस्टिंगची एक पद्धत मांडली. तीत काम साधारण दीड तासाच्या बैठकांमध्ये करायचं, प्रत्येक बैठकीला एक उद्देश ठरवायचा, आणि नंतर वेळ तीन खात्यांत लिहायचा: मांडामांड, प्रत्यक्ष तपासणी, बगचा पाठपुरावा. मी ती कधीच पोथीसारखी पाळली नाही, पण ती तीन खाती मात्र सोडली नाहीत. बगच्या मागे लागलात की तपासणीचं घड्याळ थांबलं, एवढं तरी त्यातून डोळ्यांसमोर राहतं. माझा तो दिवस मांडून बघा: मांडामांड ४० मिनिटं, बग ४ तास, तपासणी १ तास २० मिनिटं. सहा तास टेस्टिंग केलं असं मी समजत होते!

म्हणून माझा नियम असा: बग दिसला की आधी विचारायचं, यासाठी आजचा रिलीज थांबू शकतो का? पैसे चुकत असतील, नोंद गायब होत असेल, एकाचं खातं दुसऱ्याला दिसत असेल, तर ताबडतोब उठून सांगायचं आणि मग खुशाल खणत बसायचं. तशा बगला चार तास दिले तरी ते सत्कारणी लागतात. बाकी सगळ्या बगांना १५ मिनिटं. मोबाईलवर गजर लावायचा, मनातल्या मनात नाही. गजर वाजला की जे हाती आहे ते लिहायचं, खाली ‘आणखी तपासायला हवं’ अशी ओळ टाकायची आणि पुढे जायचं. पहिले काही महिने हे करताना जीव तुटतो. तो तुटू द्या.

दुसरी गोष्ट क्रमाची. शीटमधल्या ओळी ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या तो क्रम लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. सहसा पहिलं लॉगिन, मग मेनू, मग एकेक पडदा. धोका काही त्या क्रमानं बसलेला नसतो. वेळ कमी असेल तर पहिली २० मिनिटं काहीही तपासू नका. बिल्ड खरोखर चढलंय का आणि ॲप उघडतंय का एवढं बघा, मग वही घेऊन बसा आणि बदलांची यादी वाचा. डेव्हलपरला विचारा, “यातलं कुठलं लिहिताना तुला धाकधूक वाटली?” हा प्रश्न मी कुणालाही विचारते आणि आजवर कुणी रागावलेलं नाही. उलट बरेच जण खरं सांगतात, कारण त्यांनाही वेळ मिळालेला नसतो. मग स्वतःला विचारा, यातली कुठली चूक झाली तर परत फिरवता येणार नाही? चुकीचा रंग उद्या बदलता येतो. छापून लोकांच्या हातात गेलेली पावती परत घेता येत नाही.

आणि तिसरा प्रश्न, माझ्यासाठी सगळ्यात मोठा: हे वापरणारा माणूस कोण आहे, आणि तो ते किती वाजता, कुठे उभा राहून, किती घाईत वापरतो? आपण एसीमध्ये बसून, चहाचा कप शेजारी ठेवून तपासतो. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्रामुळे सहा रुग्णांना भयंकर मात्रा बसली, त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर इथल्या अपघातांमागे असं निघालं, की यंत्र चालवणारी बाई कामात इतकी सराईत होती, की चुकीचं पडलेलं अक्षर दुरुस्त करून ती काही सेकंदांत पुढे जायची. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत आणि त्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या सगळ्या भागांपर्यंत पोचत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला तो दोष कधी दिसलाच नसता. बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांना तो पुन्हा घडवता येत नव्हता. टायलरमधले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर त्या ऑपरेटरला बरोबर घेऊन बसले आणि तीच कृती पुन्हा पुन्हा, तिच्या वेगानं करून पाहत राहिले, तेव्हा तो सापडला. माझं प्रकरण त्यापुढे काहीच नाही, कुणाच्या जिवाला धोका नव्हता. पण मी पहाटे साडेचारचा माणूस डोळ्यांसमोर आणला नव्हता, एवढं मात्र खरं.

यासाठी सपोर्टच्या लोकांशी मैत्री करा. माझं ठाम मत आहे, की नव्या टेस्टरनं पहिल्या महिन्यात दोन दिवस सपोर्टच्या फोनवर बसलं पाहिजे. लोक काय म्हणून फोन करतात ते कानांनी ऐकल्यावर जे डोक्यात बसतं ते कुठल्याही शीटमधून बसत नाही.

डेटाबद्दल थोडंसं. वेळ नसताना डेटा तयार करत बसणं म्हणजे पंगत बसल्यावर तांदूळ निवडायला घेणं. बिल्ड उशिरा येणार हे कळलं की ते रिकामे तास वाया घालवू नका, तेव्हाच वाकडा डेटा तयार करून ठेवा. माझ्या फाईलमध्ये आजही काय काय आहे: एकच शब्द असलेलं नाव, खूप लांब आडनाव, ‘ऱ्ह’ची दोन्ही रूपं, २९ फेब्रुवारीला जन्मलेला माणूस. ठेवीवर ज्येष्ठ नागरिकाला जादा व्याज असेल तर आज साठी पूर्ण करणारा, काल केलेला आणि उद्या करणारा, असे तिघे. ३१ मार्च रात्री ११:५९ आणि १ एप्रिल ००:०१. तारखांमध्ये ०४/०५ सारखी तारीख मुद्दाम ठेवते, कारण दिवस आणि महिना यांची अदलाबदल १२ नंतरच्या तारखांना लगेच पकडली जाते, त्याआधीच्यांना नाही.

मराठीत मेसेज जाणार असतील तर हे लक्षात ठेवा: साध्या इंग्रजी अक्षरांतला एसएमएस १६० वर्णांचा असतो, देवनागरीचं एकही अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते, आणि त्याहून लांब मेसेजचे ६७-६७ वर्णांचे तुकडे पडतात. त्यात काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. नुसतं ‘क्षी’ घेतलं तरी चार वर्ण झाले. खातेदाराचं नाव जरा लांब असलं की मेसेजचे दोनाचे तीन तुकडे होतात आणि पैसे तीन मेसेजचे पडतात. ही गोष्ट मराठी टेस्टरनं पकडायची नाही तर कुणी पकडायची?

आता त्या ‘झालं’बद्दल. मॅनेजरनं विचारलं आणि मी एका शब्दात उत्तर दिलं. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. मी दमले होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. पण माझ्या त्या एका शब्दावर लोकांनी निर्णय घेतला. टेस्टिंग कधी ‘होत’ नसतं, ते कुठेतरी थांबवलं जातं. थांबवताना काय राहिलं ते सांगणं हे आपलं काम आहे, आणि ते न सांगणं हा मी त्या दिवशी केलेला सगळ्यात मोठा गुन्हा होता, बगच्या मागे धावण्याहून मोठा. मी जर म्हटलं असतं, “पावती आणि शोध तपासलाय, छपाईत एक बग आहे, रिलीज थांबवण्यासारखा नाही. तारीख सर्व्हरवरून घेण्याचा बदल मी अजिबात तपासलेला नाही, विशेषतः रात्री १२ नंतरचा. त्याला अर्धा तास लागेल,” तर मॅनेजरनं तो अर्धा तास दिला असता. माझी खात्री आहे. आणि नसता दिला तरी जोखीम काय आहे हे त्यांना कळलं असतं.

तुम्हाला वाटेल, असं बोललं तर लोक म्हणतील हिचं काम अपुरं आहे. काही म्हणतीलही. मला एका जागी एका लीडनं सुनावलं होतं, की ‘राहिलेलं’ लिहायचं नसतं, क्लायंट घाबरतो. त्या लीडच्या हाताखाली मी फार दिवस राहिले नाही. तुम्हाला लगेच सोडणं जमणार नाही, घरचे हप्ते असतात, मला माहीत आहे. मग निदान ईमेल करा. तीन ओळी: काय तपासलं, काय दिसलं, काय राहिलं. ज्या दिवशी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, काही फुटेल त्या दिवशी त्या तीन ओळी तुमच्या पाठीशी उभ्या राहतील.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. नेटवरून उतरवलेल्या तयार टेस्ट केस वापरू नका. हल्ली एआयकडून मिनिटाभरात दोनशे टेस्ट केस लिहून मिळतात. त्या वाचायला छान असतात, पण तुमच्या मार्केट यार्डाबद्दल त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय काहीच माहीत नसतं, आणि सांगण्याइतकं तुम्हाला माहीत असेल तर तेवढं चार ओळींत वहीत लिहून होतं. सुटलेलं काही आठवतंय का हे बघायला मी ते वापरते, तेही माझे प्रश्न लिहून झाल्यावर. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा द्यायला हरकत नाही: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. आपल्यासारख्यांना भाषा परकी म्हणून १५ मिनिटं जादा मिळू शकतात. तिनं शब्द कळतात, मुलाखतीत उपयोग होतो. तिनं बग सापडायला लागतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका, हे मी हात जोडून सांगते. माझ्या दोन मैत्रिणींनी भरले आणि दोघींनाही ते फेडायला वर्ष लागलं. ऑटोमेशन, म्हणजे स्क्रिप्ट लिहून प्रोग्रॅमकडून तपासून घेणं, शिका, जरूर शिका, पण आधी सहा महिने हातानं तपासा. जे डोळ्यांना बघता येत नाही ते स्क्रिप्टमध्ये लिहिता कसं येणार?

मार्गदर्शकाबद्दल: पटकन उत्तर देणाऱ्यापेक्षा तुमच्या शेजारी बसून तपासणारा शोधा. त्या एप्रिलनंतर आमच्याकडच्या एका ज्येष्ठ टेस्टरांनी आठवड्यातून एक तास माझ्याबरोबर बसायला सुरुवात केली. ते फार बोलायचे नाहीत. मी काही करायला गेले की विचारायचे, “हे आत्ता का?” उत्तर आलं तर पुढे, नाही आलं तर मी हात थांबवायचा. तीन महिन्यांत त्या तीन शब्दांनी मला जे शिकवलं ते दीड वर्षात शिकले नव्हते. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतोच असं नाही. नसेल तर एखादी बरोबरीची मैत्रीण गाठा आणि एकमेकींना तेच विचारा.

तुम्ही कॉम्प्युटरच्या शाखेतले नसाल, इंग्रजी अडखळत असेल, तर त्याची फार काळजी करू नका. मी बीएस्सी केमिस्ट्री. लॉग वाचायला, थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, लिहायला, ब्राउझरमध्ये कुठली विनंती गेली आणि काय उत्तर आलं ते बघायला चार-पाच महिन्यांत येतं. बाजार कधी उघडतो, पतसंस्थेत दिवसअखेर कशी होते, आजी मोबाईल कसा धरतात, हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. ती माहिती या कामात भांडवल आहे. मला ते माहीत असून मी वापरलं नाही, हीच माझी खंत.

सराव घरीच करता येतो. तुमच्या मोबाईलमधलं रोजचं एखादं ॲप घ्या, एसटीच्या आरक्षणाचं, वीजबिलाचं, काहीही. वहीत वर एक ओळ लिहा: आज मी यात काय शोधणार आहे. तासाभराचा गजर लावा. वाटेत बग दिसला तर १५ मिनिटांचा दुसरा गजर. जे कराल त्याची वेळ समासात लिहीत जा. तासाचा गजर वाजला की लगेच थांबा, कितीही रंगात आला असलात तरी, आणि काय तपासायचं राहिलं ते पाच ओळींत लिहा. पहिल्या दोन ओळी पटकन येतील. उरलेल्या तीन लिहायला खूप वेळ लागेल. मला अजूनही लागतो, आणि माझी ‘पहाटेची पावती’ सहसा त्यांतच कुठेतरी असते.